वाचकांचे प्रश्न : जुन्या ट्यूनरचे कान पिळण्याआधी

जुन्या रेडिओ ट्यूनरबद्दल साठलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. ट्यूनर म्हणजे हाय-फाय संचातला फक्त केंद्र पकडणारा डबा. त्यात ना ॲम्प्लिफायर, ना स्पीकर. गोव्यात असे डबे बरेच निघतात. कुणाचे मामा बोटीवर होते, कुणाचे वडील कुवेतला, आणि उरलेले म्हापशाच्या शुक्रवारच्या किंवा हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात सापडतात.

पत्रांत एक गोष्ट वारंवार दिसली. सेट उघडला की पहिला हात आयएफटीच्या (पकडलेला सिग्नल गाळणाऱ्या, छोट्या डबीतल्या कॉईलच्या) रंगीत गाभ्यांकडे जातो. हे गाभे कारखान्यात बसवून बहुधा मेणाने बंद केलेले असतात आणि ४० वर्षांतही आपणहून फारसे हलत नाहीत. गंजतो तो गँग (केंद्र बदलताना फिरणारा पात्यांचा कंडेन्सर), काळे पडतात ते स्विच, सुकतात ते कंडेन्सर. तेव्हा आधी वीज, मग सफाई, मग अँटेना आणि अगदी शेवटी जुळवणी. खालची पहिली उत्तरे याच क्रमाने लावली आहेत.

प्रश्न : मामांनी बोटीवरून आणलेला ट्यूनर बरीच वर्षे माळ्यावर पडून होता. मागे "१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ" असे लिहिले आहे. प्लग बदलून थेट लावला तर चालेल का? (पेडणे)

उत्तर : चालणार नाही. २३० व्होल्ट मिळाल्यावर त्याचा ट्रान्सफॉर्मर काही सेकंदांत तापून जळेल, आणि तसा ट्रान्सफॉर्मर पुन्हा मिळणे हीच या छंदातली सर्वांत अवघड गोष्ट आहे. आधी मागच्या पट्टीवर व्होल्टेज बदलण्याचा खटका आहे का ते पाहा. जहाजांवर आणि आखातात विकल्या गेलेल्या बऱ्याच मॉडेलना ११०, १२०, २२० आणि २४० अशा खुणा असतात. असल्यास २२० किंवा २४० वर घ्या. २४० अधिक बरे. आपल्याकडे रात्री व्होल्टेज चढते. खटका नसेल तर २३०चे ११० करणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल. ट्यूनर जेमतेम १५ ते २५ वॉट खातो, त्यामुळे ५० व्हीएचा पुरतो. केस वाळवण्याच्या यंत्रासाठी मिळणारे हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर घेऊ नका. ते विजेची लहर कापून देतात आणि ट्यूनरच्या ट्रान्सफॉर्मरला ती मानवत नाही. ६० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर थोडा जास्त गरम होतो. अर्ध्या तासाने हात लावून पाहा. कोमट लागला तर ठीक, हात ठेववत नसेल तर बंद करा.

वीज देण्याआधी झाकण काढून नुसते बघा. मुंग्यांचे वारूळ, पालीची अंडी, उंदराने कुरतडलेली वायर हे सगळे माळ्यावरच्या सेटमध्ये सापडते. मऊ ब्रश आणि ब्लोअरने साफ करा. फ्यूज उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे पुढची ठिणगी थेट ट्रान्सफॉर्मरकडे पाठवणे. मेन स्विचच्या दोन टोकांवर ०.०१ मायक्रोफॅरडचा जुना कंडेन्सर असतो. तो तडकलेला दिसतो आणि कधीकधी धूर काढून जातो. तो काढून तेवढ्याच मूल्याचा, २७५ व्होल्ट एसीचा, एक्स-२ छापलेला लावा. साधा कंडेन्सर इथे चालत नाही.

पहिली वीज सिरीज बोर्डवरून द्या. ४० वॉटचा पिवळा, तारेचा बल्ब फेजमध्ये सिरीजला घ्यायचा. एलईडी बल्ब उपयोगाचा नाही, कारण इथे तापणारी तार हवी. स्टेपडाऊन वापरत असाल तर बल्ब २३० व्होल्टच्या बाजूला ठेवा. चालू करताच बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर सेट तब्येतीने ठीक आहे. उजळलेलाच राहिला तर लगेच बंद करा. रेक्टिफायर, मोठा फिल्टर कंडेन्सर किंवा ट्रान्सफॉर्मर शॉर्ट आहे. ट्यूनरच्या आत बहुतेक ठिकाणी १२ ते ३५ व्होल्टच असतात, पण मेन स्विचजवळ पूर्ण २३० असतात आणि बटण बंद असले तरी असतात. म्हणून आत हात घालायचा तो प्लग उपटूनच.

प्रश्न : नॉब फिरतो, पण डायलवरची सुई हलत नाही. काच पुसायला गेलो तर आतली दोन अक्षरेही निघून आली. (साखळी)

उत्तर : अक्षरांचे आता काही करता येणार नाही, उरलेल्या अक्षरांसाठी सांगतो. डायलच्या काचेवरची छपाई आतल्या बाजूला असते आणि स्पिरिट, आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा काच पुसायचे निळे पाणी लागताच ती सुटते. आतून फक्त कोरडा मऊ ब्रश फिरवा. बाहेरून ओलसर फडके चालते.

सुई न हलण्याची दोन कारणे असतात. एकतर दोरी तुटलेली असते, नाहीतर नॉबच्या दांड्याचे जुने ग्रीस चिकट होऊन दोरी घसरते. दांडा काढून आयसोप्रोपिलने पुसा आणि बेअरिंगमध्ये शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब घाला. खोबरेल तेल घालू नका. ते काही महिन्यांत राळेसारखे होते आणि आधीपेक्षा वाईट अडकते.

नवी दोरी ०.६ ते ०.८ मिलिमीटर जाडीची, विणलेली हवी. गळाला लावायची साधी पारदर्शक दोरी ताणते आणि घसरते, पण मासेमारीच्या सामानाच्या दुकानात विणलेली दोरीही मिळते, ती चालते. जुनी काढण्याआधी तिचा मार्ग प्रत्येक चाकावरून फोटो काढून ठेवा. गँगची पाती पूर्ण आत घ्या, म्हणजे डायलचे सर्वांत खालचे टोक. नॉबच्या दांड्याला तीन वेढे द्या. दोन दिले तर घसरते, चार दिले तर वेढे एकमेकांवर चढतात. स्प्रिंग तिच्या मूळ लांबीच्या साधारण दीडपट ताणली जाईल इतपत ओढा आणि गाठीवर नेलपॉलिशचा थेंब टाका. सुई शेवटी अडकवायची, पाती पूर्ण आत असताना डायलवरच्या डाव्या सुरुवातीच्या खुणेवर.

प्रश्न : नॉब फिरवताना खरखर होते, डायलच्या मध्यावर आवाजच नाहीसा होतो आणि टेबलाला धक्का लागला की केंद्र उडी मारते. मेकॅनिक म्हणतो गँग गेला. (वास्को)

उत्तर : गँग सहसा जात नाही, मळतो. समुद्राजवळच्या घरांत हे दुखणे ठरलेले आहे. गँगची फिरणारी पाती बॉडीशी जोडलेली असतात ती फक्त दांड्यावर टेकलेल्या पितळी किंवा फॉस्फर-ब्राँझच्या बारीक पट्ट्यांतून. खाऱ्या दमट हवेने त्या पट्टीखाली थर चढतो, जोड कधी लागतो कधी सुटतो, आणि एफएमच्या वारंवारतेला एवढा बारीक बदलही ऑसिलेटर (केंद्र निवडण्यासाठी सेटच्या आत लहर तयार करणारा भाग) हलवायला पुरतो. म्हणून धक्क्याने केंद्र सरकते.

पट्टी जिथे दांड्यावर टेकते तिथे बारीक ब्रशने आयसोप्रोपिल सोडा, गँग या टोकापासून त्या टोकापर्यंत २०-३० वेळा फिरवा, पुन्हा सोडा, पुन्हा फिरवा. वाळल्यावर पट्टीखाली काँटॅक्ट ल्युब्रिकंटचा अगदी पुसट थर द्या. दारांच्या कडीकोयंड्यांना मारायचा तेलकट स्प्रे इथे नको; तो पात्यांमध्ये उडतो आणि धूळ धरतो. पात्यांमधली धूळ हवेने उडवा, कागद किंवा पट्टी घालून खरवडू नका. एखादे पाते वाकलेले असेल तर ते एका ठराविक जागी शेजारच्या पात्याला टेकते. पात्यांमध्ये टॉर्चचा उजेड पाडून बघा. शेवटच्या पात्यांना उभ्या चिरा असतात आणि काही तुकडे मुद्दाम किंचित वाकवलेले दिसतात. ती कारखान्यातली जुळवणी आहे, ती सरळ करू नका.

त्याच दिवशी पुढचे स्विच उरका: म्यूटिंग (केंद्रांमधली सरसर दाबणारा), मोनो-स्टिरिओ, एएम-एफएम. आतले चांदीचे काँटॅक्ट काळे पडलेले असतात. काँटॅक्ट क्लीनरची नळी स्विचच्या फटीत घालून थोडासा सोडा आणि स्विच ३०-४० वेळा पुढेमागे करा. "एक चॅनेल गेला" अशा तक्रारींपैकी बऱ्याच इथेच संपतात.

प्रश्न : आमचे घर डोंगराच्या मागे आहे. केंद्रे येतात, पण स्टिरिओ लावला की "स" आणि "श" फुटतात. बूस्टर लावू का? (काणकोण)

उत्तर : बूस्टर लावल्यावर फुटलेला आवाजच मोठा होईल. डोंगरावर आपटून आलेली लहर सरळ आलेल्या लहरीत मिसळते, म्हणून स्टिरिओत "स" फुटतो. सिग्नल मीटर भरपूर दाखवत असला तरी हे होते. यावर उपाय अँटेनाची जागा आणि दिशा हाच.

डायपोल घरीच बनतो. ९८ मेगाहर्ट्झच्या आसपाससाठी एकूण लांबी १४५ सेंटिमीटर, म्हणजे दोन बाजूंना साडेबहात्तर-साडेबहात्तरच्या तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या काड्या. मध्ये दोनेक सेंटिमीटरची फट. तिथून ७५ ओहमची केबल. डिशच्या केबलचा उरलेला तुकडा याला उत्तम. केबलची मधली तार एका काडीला, जाळी दुसरीला. ट्यूनरच्या मागे ३०० ओहमचेच दोन स्क्रू असतील तर मध्ये ४:१ बॅलन (७५ आणि ३०० ओहमचा मेळ घालणारा जोड) लावा, जुन्या टीव्हीच्या चपट्या वायरसाठी मिळायचा तोच. अँटेना कौलांच्या खाली माळ्यावर ठेवली तरी चालते. काँक्रीटच्या स्लॅबखाली मात्र बरीच शक्ती जाते, आणि पावसात भिजलेल्या जांभ्याच्या जाड भिंतीही लहर अडवतात. आडवी ठेवून हळूहळू फिरवा, मग उभी करून बघा. मीटर किती चढतो ते पाहू नका, "स" कुठे स्वच्छ लागतो ते ऐका. मे-जूनच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात केबल ट्यूनरपासून काढून ठेवा.

प्रश्न : ९१.९ मेगाहर्ट्झचे केंद्र डायलवर जवळपास जागेवर, ९१.८ला लागते, पण ९८.३ हे ९७.८ला आणि १०५.४ हे १०४.३ला. स्टिरिओचा दिवाही लागत नाही. माझ्याकडे डिजिटल मल्टिमीटर आहे, सिग्नल जनरेटर नाही. घरी जुळवणी होईल का? (फोंडा)

उत्तर : तीन ठिकाणचे आकडे लिहून पाठवलेत हे फार बरे केलेत, कारण निदान त्यातच आहे. सगळीकडे चूक सारखीच असती, समजा प्रत्येक केंद्र अर्ध्या मेगाहर्ट्झने मागे, तर फक्त सुई दोरीवर सरकवली की काम झाले असते. सेटला हातही लावायचा नव्हता. तुमची चूक वर जाताना वाढत जाते: ०.१, ०.५, १.१. म्हणजे ऑसिलेटरची जुळवणी हलली आहे, आणि ती मुख्यतः ट्रिमरच्या बाजूने.

ऑसिलेटरच्या विभागात दोन गोष्टी असतात, एक कॉईल आणि एक छोटा ट्रिमर, म्हणजे स्क्रूने कमीजास्त होणारा कंडेन्सर. डायलच्या खालच्या टोकाला गँगची पाती आत असतात, कपॅसिटन्स मोठी असते, त्यात ट्रिमरची चिमूटभर भर फारशी जाणवत नाही. तिथे कॉईल फिरवायची. वरच्या टोकाला पाती बाहेर असतात, तिथे तीच चिमूट मोठी ठरते, म्हणून ट्रिमर. पण एफएमचा पट्टा अरुंद आहे, त्यामुळे दोन्ही एकमेकांना ओढतात. एका फेरीत काम होत नाही, चार-पाच फेऱ्या धरून चाला.

हत्यार प्लॅस्टिकचे हवे, नाहीतर बांबूची काडी घासून पात्यासारखी करा. लोखंडी स्क्रूड्रायव्हर जवळ आला की वारंवारता सरकते आणि काढला की परत जाते, त्यामुळे जुळवलेले काहीच टिकत नाही. गाभा फेराइटचा असतो, ठिसूळ. मापाचे नसलेले हत्यार घालून जोर केला की तो चिरतो, आणि मग अख्खी कॉईल जाते. काहीही फिरवण्याआधी प्रत्येक ट्रिमर आणि गाभ्याच्या जागेवर बारीक मार्करने खूण करा आणि किती फिरवले ते लिहीत चला.

सेट अर्धा तास चालू ठेवून तापू द्या. एएफसी (केंद्र आपोआप धरून ठेवणारी सोय) बंद, म्यूटिंग बंद, मोनो. एएफसी चालू राहिले तर ते तुमची चूक लपवते आणि तुम्ही भलत्याच जागी थांबता. आता सुई १०५.४वर ठेवा आणि ऑसिलेटरचा ट्रिमर अगदी थोडा फिरवून ते केंद्र तिथे आणा. तुमच्या सेटमध्ये ऑसिलेटर वर पळाला आहे, म्हणजे ट्रिमरची कपॅसिटन्स वाढवावी लागेल. मग ९१.९वर सुई ठेवून कॉईलचा गाभा. कॉईल उघड्या तारेची असेल तर वेढे जवळ आणले की वारंवारता उतरते, लांब केले की चढते. पुन्हा १०५.४, पुन्हा ९१.९. दोन्ही टोके बसली की मध्ये ९८.३ तपासा, तिथे ०.१-०.२ची चूक राहिली तर राहू द्या, डायलची छपाईही काही इतकी काटेकोर नसते.

जनरेटर नसला तरी खालच्या अर्ध्या डायलसाठी एक युक्ती आहे. बहुतेक एफएम ट्यूनरचा ऑसिलेटर केंद्रापेक्षा १०.७ मेगाहर्ट्झ वर चालतो. आकडे दाखवणारा दुसरा छोटा रेडिओ ट्यूनरजवळ ठेवा आणि १००.७वर लावा, तिथे केंद्र नसल्याने नुसती सरसर ऐकू येते. ट्यूनरची सुई ९०वरून जाताना ती सरसर एकदम शांत झाली पाहिजे. ९४साठी दुसरा रेडिओ १०४.७वर. ज्या जागी सरसर थांबते ती खरी ९० किंवा ९४ची जागा. ९७च्या वर ही युक्ती चालत नाही, ऑसिलेटर दुसऱ्या रेडिओच्या पट्ट्याबाहेर जातो.

ऑसिलेटर बसल्यावर अँटेना आणि आरएफचे (अँटेनानंतरच्या पहिल्या टप्प्याचे) ट्रिमर १०५.४वर, कॉईल ९१.९वर, सिग्नल मीटर जास्तीत जास्त चढेल अशा. पण पूर्ण अँटेनावर हे करू नका. जोराच्या केंद्रावर मीटर आधीच टोकाला चिकटलेला असतो आणि फरक कळतच नाही. अँटेना काढून १०-१५ सेंटिमीटरचा वायरचा तुकडा ठेवा.

यानंतर केंद्र नेमके लागले की सुई मधोमध दाखवणारा मीटर. अँटेना काढून, दोन केंद्रांच्या मधल्या सरसरीवर तो बरोबर मध्यावर असला पाहिजे. नसेल तर डिटेक्टरच्या (लहरीतून आवाज वेगळा करणाऱ्या भागाच्या) आयएफटीमध्ये ज्या गाभ्याने हा मीटर हलतो तेवढाच गाभा फिरवा. मल्टिमीटर मीटरच्या दोन टोकांवर लावून शून्यापासून २०-३० मिलिव्होल्टच्या आत आणले की पुरे. अर्ध्या फेऱ्याहून जास्त लागत असेल तर थांबा. डब्यातला बारीक कंडेन्सर खराब झाला असावा किंवा कुणीतरी आधी हात मारला असावा. डिटेक्टरचा दुसरा गाभा डिस्टॉर्शन मीटरशिवाय फिरवायचा नाही. कानाने ते जमत नाही.

राहिला स्टिरिओचा दिवा. बरेचदा बल्बच गेलेला असतो, आधी तो काढून तपासा. बल्ब चांगला असेल तर स्टिरिओ डिकोडर (डावा-उजवा आवाज वेगळा करणाऱ्या) आयसीजवळचा प्रीसेट, म्हणजे फिरवून कमीजास्त करायचा छोटा रेझिस्टर, पाहा. केंद्र स्टिरिओची खूण म्हणून १९ किलोहर्ट्झचा पायलट पाठवते आणि आयसीमधला ऑसिलेटर ७६ किलोहर्ट्झवर, म्हणजे त्याच्या चौपटीवर, चालून त्याला धरतो. प्रीसेट सुकला की तो पकडीबाहेर जातो. मल्टिमीटरमध्ये हर्ट्झची सोय असेल तर केंद्र नसलेल्या जागी टेस्ट पॉइंटवर ७६ किंवा १९ किलोहर्ट्झ आणा, सेटच्या सर्किटच्या नकाशात जो दिला असेल तो. सोय नसेल तर कमजोर सिग्नलवर प्रीसेट हळूहळू फिरवा, दिवा लागतो ती जागा आणि विझतो ती जागा दोन्हींवर खूण करा आणि मध्यावर ठेवा. कमजोर सिग्नल अशासाठी की दोन खुणा जवळ येतात आणि मध्य नेमका सापडतो.

प्रश्न : आवाजात सतत घरघर आहे आणि उजवी बाजू हळू. सगळे कंडेन्सर एकदाच बदलून टाकावेत का? (डिचोली)

उत्तर : नको. ६० कंडेन्सर एका बैठकीत बदलले की दोन उलटे बसतात, एक पट्टी उखडते, आणि मूळचा दोष कुठला होता हेही कळत नाही.

ट्यूनरचा प्लग उपटा, पण ॲम्प्लिफायरला जोडलेली केबल तशीच ठेवा. घरघर राहिली तर दोष केबलमध्ये किंवा अर्थिंगमध्ये आहे, ट्यूनरमध्ये नाही. मग डावी-उजवी केबल अदलाबदल करा. हळू बाजू बदलली तरच ट्यूनर उघडा, आणि आधी मागच्या आरसीए सॉकेटचे सोल्डर भिंगातून बघा. तिथे गोल तडा जाण्याचे प्रमाण मोठे आहे.

ट्यूनरच्याच घरघरीसाठी मल्टिमीटर डीसीवर ठेवून रेग्युलेटरनंतरचे व्होल्ट मोजा. नकाशात १२ ते १४च्या दरम्यान काहीतरी दिलेले असते. १३च्या जागी ११ असतील तर झेनर किंवा रेग्युलेटरचा ट्रान्झिस्टर तपासा. व्होल्ट बरोबर असून १०० हर्ट्झची जाड घरघर असेल तर मोठा फिल्टर कंडेन्सर बदला. १००० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टच्या जागी तेवढाच किंवा दीडपटीपर्यंत, व्होल्टेज तेवढेच किंवा जास्त, १०५ अंशांचा. ४७०० घालण्याचा मोह नको, चालू करताना रेक्टिफायरवर फार ओझे येते. मग आवाजाच्या मार्गातले १ ते १० मायक्रोफॅरडचे, एकावेळी एक जोडी, आणि प्रत्येक जोडीनंतर ऐकून. चकतीचे सिरॅमिक आणि पारदर्शक स्टायरोलचे कंडेन्सर बदलू नका. एफएमच्या भागात त्यांचे मूल्यच नव्हे, तर तापमानाशी वागणेही जुळवलेले असते.

काही जपानी बोर्डांवर कंडेन्सरच्या बुडाशी पिवळट गोंद असतो. तो तपकिरी-काळा झाला असेल तर खरवडून काढा. तो विद्युतवाहक बनतो आणि शेजारच्या घटकांचे पाय खातो. ट्रान्झिस्टर बदलावा लागला तर पायांचा क्रम बघून: सपाट बाजू तुमच्याकडे धरली तर बीसी५४७चा क्रम कलेक्टर, बेस, एमिटर आणि २एससी१८१५चा एमिटर, कलेक्टर, बेस. नंबर जुळतो म्हणून तसाच खोचला की पहिल्याच मिनिटाला जातो. सोल्डरिंगची इस्त्री २५ वॉटची, एका जोडावर तीन सेकंदांहून जास्त नाही. जुन्या तपकिरी बोर्डांवरची तांब्याची पट्टी लगेच सुटते.

तीन पायांचा १०.७ मेगाहर्ट्झचा सिरॅमिक फिल्टर बदलायची वेळ आली तर त्यावरचा रंगाचा ठिपका पाहा. लाल म्हणजे १०.७०, निळा १०.६७, नारिंगी १०.७३. सगळे फिल्टर एकाच रंगाचे हवेत. एक लाल, एक नारिंगी घातला की सिग्नल मीटर एका जागी चढतो आणि मधला मीटर दुसऱ्याच जागी शून्यावर येतो.

प्रश्न : अमेरिकेहून आलेला आकडे दाखवणारा ट्यूनर ९१.९, ९२.७, ९८.३ स्वच्छ पकडतो, पण १०५.४ सोडूनच जातो. १०५.३ नाहीतर १०५.५. आवाजही दबल्यासारखा वाटतो. (मडगाव)

उत्तर : सेट चांगला आहे. अमेरिकेत केंद्रे ०.२च्या अंतराने आणि फक्त विषम दशांशावर असतात, त्यामुळे काही सेट तेवढेच आकडे मोजतात. मध्यम लहरीवरही तेच: तिकडे १० किलोहर्ट्झची पायरी, आपल्याकडे ९ची, म्हणून १२८७ किलोहर्ट्झचे केंद्र त्याला नेमके लागत नाही, १२९०वर घरघरत लागते. मागे ९/१० किंवा ५०/१०० अशा खुणांचा खटका असेल तर सेट बंद करून तो बदला. नसेल तर बऱ्याच सेटमध्ये आतल्या कंट्रोलर आयसीजवळ एका डायोडने किंवा जंपरने हे ठरते. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ते दाखवलेले असते. अंदाजाने डायोड कापू नका.

दबलेला आवाज डी-एम्फसिसमुळे, म्हणजे केंद्राने वाढवून पाठवलेले बारीक सूर सेट परत उतरवतो त्यामुळे. अमेरिकेत ७५ मायक्रोसेकंद, आपल्याकडे ५०. त्यामुळे १० किलोहर्ट्झला सुमारे ३ डेसिबल कमी मिळतात. डिकोडर आयसीच्या दोन्ही आउटपुटला लागलेले कंडेन्सर दोन तृतीयांश करा: ०.०१५ असेल तर ०.०१, ०.०२२ असेल तर ०.०१५ मायक्रोफॅरड. दोन्ही बाजूंना सारखेच, पॉलिस्टर, ५ टक्क्यांचे.

प्रश्न : ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा जपानी ट्यूनर स्वस्तात मिळतोय. घ्यावा का? (म्हापसा)

उत्तर : शोभेसाठी घ्या. वर दिलेली चारही केंद्रे त्याच्या पट्ट्याबाहेर आहेत आणि वीजही १०० व्होल्टची लागते. जुन्या जपानी गाड्यांना लावतात तो बँड कन्व्हर्टर अँटेनाच्या वाटेत घालून काम होते, पण हिशेब करून घ्या. ९१.९ ते १०५.४ हे अंतर साडेतेरा मेगाहर्ट्झ, आणि डायल चौदाचा. १४ने खाली आणणारा कन्व्हर्टर लावला तर १०५.४ हे ९१.४वर जाते, म्हणजे बाहेर. १६चा लावला तर ९१.९ हे ७५.९वर, डायलच्या अगदी काठावर. बऱ्याच सेटमध्ये तेवढी ढील असते. त्यातल्या त्यात १६चा बरा.

प्रश्न : दुरुस्त केलेला ट्यूनर पावसाळ्यात कसा ठेवावा? (कळंगुट)

उत्तर : आठवड्यातून दोनदा तासभर चालू ठेवा, आतल्या उष्णतेने ओल निघून जाते. झाकायला सुती कापड; प्लॅस्टिकखाली ओल कोंडते. बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, चार बोटे जागा सोडा. आत डांबराच्या गोळ्या टाकू नका, त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिक मऊ पडते. सिलिका जेलची पुडी ठेवायची तर झाकणाबाहेर, शेल्फवर. आत ठेवली तर ती वेळेवर सुकवायची कुणाला आठवत नाही आणि भिजलेली पुडी बोर्डावर पडून राहते. दोन महिने बंद राहिलेला सेट ऑगस्टमध्ये पहिल्यांदा लावताना पुन्हा सिरीज बोर्डवरूनच लावा, आणि केंद्र शोधण्याआधी सगळे स्विच दहा-वीस वेळा पुढेमागे करून घ्या.